आजीच्या रकान्याचं कुलूप

विसरभोळ्यांच्या महाराणी चि. क्षिप्रा हिला नावड्याहून आजीचा आशीर्वाद.

आजी म्हणजे तुझ्या बापाची आई. सांगितलेलं बरं. दिवाळीत स्वतः घातलेला पासवर्ड जी संक्रांतीला विसरते, तिचा काय भरवसा? सोलापुरात वेळेवर जेवतेस ना? माझे गुडघे जागच्या जागी आहेत, तेवढं पुरे. हे पत्र खालच्या मजल्यावरच्या जाहिदाताई लिहून घेतायत, कारण घरातल्या कुणाला सांगण्यासारखं नाही. (बाई शाळेत शिकवायच्या. मी बोलते तसंच लिहा म्हटलं तरी वाक्यं सुधारतात.) (सुधारत नाही, फक्त शिव्या गाळते. – जाहिदा)

तर तुझ्या भावाच्या, शौनकच्या लग्नाला उरले बारा दिवस आणि पत्रिकांचा गठ्ठा सोफ्यावर पाहुण्यासारखा बसलेला. तुझ्या त्या एक्सेलच्या यादीत नावं दिसत होती, पण नवं नाव घालता येईना, आणि माझा रकाना तर तू पासवर्ड घालून झाकूनच ठेवलेला. तोच गं, ‘आजीचं म्हणणं’. कुणाला घरी जाऊन अक्षत द्यायची, कुणाला फोन चालेल, कोण कशावरून रुसलंय, सगळं मी सांगितलेलं. एक मान चुकला की अख्खं घर लग्नाला येत नाही. त्यातून द्रोणागिरीच्या पुतळा वन्सं! तुझ्या आजोबांची बहीण, पण या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांची ओटी दुसऱ्या नंबरावर भरली, तेव्हापासून सहा वर्षं आमचा उंबरा चढल्या नाहीत. त्या नाही आल्या तर शौनकच्या डोक्यावर अक्षता टाकणार कोण, मंडपवाला?

विलासनं, म्हणजे तुझ्या बापानं, घरातले सगळे वाढदिवस पासवर्ड म्हणून घालून पाहिले. माझाही. (माझा वाढदिवस कुणालाच ठाऊक नाही, तरी घातला.) शेवटी कॉलनीत सौरभचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे गेलो. मला वाटलं छिन्नी-हातोडा काढतो. कसलं काय! त्यानं फाइलीला वेगळंच नाव दिलं, तिचं पोट उघडलं, बोंबलाचा काटा काढावा तशी आतली एक ओळ उपसली, पोट मिटलं, जुनं नाव परत ठेवलं. माझा चहा निवायच्या आत रकाना उघडा! मी म्हटलं, "अरे, हे कुलूप होतं की दारावरचा पडदा?" तर म्हणतो, "पडदाच, आजी. पण लोक बाहेरूनच परत जातात."

पुढचं बसून ऐक. तुझ्या बापानं ती फाइल थेट फॅमिली ग्रुपवर टाकली, ‘पत्ते तपासून घ्या’ म्हणून. रकान्यासकट. एकशे साठ घरं!

माझ्या भावानं, रावसाहेबानं, स्वतःबद्दल वाचलं: ‘घोड्यासारखा हसतो, व्याह्यांपासून लांब बसवावा.’ त्यावर तो जे हसला ते रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवलं, आता कुणालाच शंका उरली नाही. पावणे गावातली गीतांजली पंगतीतले लाडू पिशवीत घालते, असं मी सांगितलेलं. तिनं खाली लिहिलं, मोतीचूर असेल तरच. खरे भडकले ते ज्यांच्यापुढचा चौकोन रिकामा होता. आपल्या भावकीतल्या निशांतची बायको फोनवर रडायला लागली, "आमच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही? एवढे परके झालो आम्ही?" दोन दिवस मी नुसती रिकाम्या चौकोनांना दोष शोधून देतेय आणि विलास टाइप करतोय. भल्या माणसाचा दोष काढणं फार कष्टाचं काम गं.

वन्संनी फोन केलाच नाही. रिक्षा करून दारात. त्यांच्या नावापुढे काय होतं, आठवतं? ‘पहिली अक्षत हिला. चूक माझी होती, पण मी कबूल करणार नाही.’

"वहिनी, हे तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, क्षिप्रानं मनचं घातलं असेल.

"तिच्या मनात काही राहत असतं तर पासवर्ड नसता राहिला?" म्हणाल्या, आणि चपला काढून आत आल्या. पहिली पत्रिका त्यांच्या हातात दिली. मग दोघी आधी रावसाहेबाला आणि नंतर तुला हसलो.

तुझी,
आजी

ता. क. ‘पत्ते तपासून घ्या’ हे विलासला मीच सुचवलं. वाचता येत नसलं तरी रकाना उघडा आहे हे सौरभनं मला सांगितलं होतं. वन्संची माफी तोंडानं मागणं या जन्मात जमलं नसतं. बापाला सांगशील तर बघ; बिचारा अजून माझी माफी मागतोय.

ता. ता. क. आता मुलीकडच्यांनी यादी मागितलीय, आणि त्यांच्याबद्दल तू काय काय लिहून घेतलंयस ते तुला ठाऊक. फाइल आजच आवर. आणि वन्सं लग्नापर्यंत इथेच राहतायत, तर किलोभर शेंगाची चटणी पाठव, लसूण जास्त घालून. कडक भाकरी नको, दोघींत मिळून सात दात आहेत.