केळं होडीत चालत नाही

ती. वायनेलताईस,

धाकट्या नेड्राचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर. प्रत्यक्ष वाकले तर कंबर तिथेच राहील.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की ते फक्त डॉक्टरांना सांगण्यापुरतं चालू आहे? इकडे अलाबामात सगळं क्षेम आहे, म्हणजे मी बरी आहे आणि आमचे हॉइटराव जसे आहेत तसे आहेत.

तुझ्या मार्लीच्या लग्नाचं पत्र मिळालं. आईचं आणि तुझं लग्न जिथे लागलं त्याच आमच्या गावच्या चर्चमध्ये पोरीला लग्न करायचंय हे वाचून डोळे भरून आले. मग तारीख वाचली आणि डोळे तसेच उघडे राहिले. एप्रिलचा तिसरा शनिवार. ताई, तू मेकनला राहून अगदी शहरातली झालीस गं. एप्रिलात बास मासा अंडी घालायला काठाशी येतो, आणि त्या दिवसांत आमच्या धरणाच्या तलावाकाठी लग्नं कोणी काढत नाही. मयतसुद्धा लोक शक्य तितकी पुढे ढकलतात. त्यात तिसरा शनिवार म्हणजे जोडीची स्पर्धा. एका होडीत दोघं, दुपारपर्यंत पकडलेल्या माशांचं वजन, ज्यांचं जास्त त्यांना एक पितळी मासा आणि वर्षभर मिरवायची मुभा. हॉइट आणि त्याचा तो लॅमार (आमिषाच्या दुकानाचा मालक, म्हणजे ह्या रोगाचा डॉक्टरही तोच आणि डासही तोच) गेली कित्येक वर्षं ह्या पितळी माशासाठी झुरताहेत आणि दर वर्षी तो शेजारची रोवेना पिकेट आणि तिचा नवरा घेऊन जातात.

तुझी अपेक्षा साधी होती. मार्लीचे वडील हयात नाहीत, तेव्हा तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत तिच्या काकांनी न्यावं. मी जेवताना विषय काढला. हॉइटने कॉर्नब्रेडचा तुकडा ताकात बुडवला, शांतपणे चावला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी पाण्यावर असणार, नेड्रा." जणू पाऊस पडणार असं सांगत होता. मार्लीला फोनवर मी घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, "असू दे मावशी. काका नसतील तर मी एकटीच चालत जाईन, दुसऱ्या कोणाचा हात नको." तिला सायकल ह्याच माणसाने शिकवली, तिचे वडील गेले तेव्हा आठवडाभर तिच्याशेजारी हाच बसून राहिला. ती एकटी चालत जाणार आणि हा तेव्हा रबरी गांडूळ पाण्यात बुडवत बसणार. मला रात्रभर झोप लागली नाही. लाजही वाटली आणि रागही आला, पण राग जास्त.

हा रोग कुठवर गेलाय ते तुला कळावं म्हणून सांगते. आमच्या गाडीच्या खोलीत आता गाडी सोडून सगळं आहे. गळाच्या काठ्याच बघ. दाट पाणवनस्पतींतून मासा ओढायला एक जाडजूड, उघड्या पाण्यासाठी एक बारीक, आणि एक "संवेदनशील". माशाने नुसतं तोंड लावलं तरी म्हणे ती हाताला सांगते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून संवेदनशील हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका काठीबद्दल. मग दोऱ्या. त्यांत माशाला न दिसणारी एक खास दोरी आहे. ती हॉइटरावांनाही दिसत नाही, म्हणून ती ओवायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला मी लागते. आणि आमिषं, देवा! पाण्यावर टुणटुण उड्या मारणारा बेडूक, शेपटीचा उंदीर, पंख फडफडवणारं बदकाचं पिल्लू. गळाला मासा लागो न लागो, गिऱ्हाईक हमखास लागतं. रबरी गांडुळांचे तर रंग ऐक. हिरवा भोपळा, कलिंगड, लाल ठिपक्यांचं कलिंगड, करवंदी, मोटारीच्या तेलाचा रंग. भाजीवाल्याकडे इतके प्रकार नसतात. लॅमारच्या दुकानाच्या दारात उजेडात गांडूळ धरून हा अर्धा अर्धा तास उभा असतो. बैठकीच्या पडद्यांचा रंग विचारला होता तेव्हा वर न बघता "कोणताही घे" म्हणालेला हाच माणूस.

एवढं करून मासा? तो लॅमारच्या भिंतीवरच्या फोटोत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मासा येईना तर दोरी जाड, पाणी गार, चंद्र चुकीचा. चूक नाही ती फक्त हॉइटची.

तर ताई, मी एक दिवस ती खोली आवरायला घेतली. (रागावले की मी आवरते, तुला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी तुझं सगळं फडताळ धुऊन काढलं होतं.) सगळी मऊ गांडुळं पिशव्यांमधून काढून, नीट रंगाप्रमाणे लावून, त्या टणक प्लास्टिकच्या माशांबरोबर एकाच डब्यात घातली आणि डबा खिडकीत उन्हाला ठेवला. आता मऊ रबर टणक प्लास्टिकला खातं हे मला कोण सांगणार? चार दिवसांनी डबा उघडला तर आत एकच गोळा. बेडकाचं डोकं, भोपळ्याची गांडुळं, अर्धवट विरघळलेले मासे, सगळं एकमेकांत कालवलेलं. हॉइट त्या डब्यासमोर टोपी काढून उभा राहिला. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पुरलं तेव्हाही एवढा वेळ उभा नव्हता. मग फक्त म्हणाला, "ह्यातलं भोपळ्याचं होतं ना, त्यावर मी स्पर्धा जिंकणार होतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हॉइट, पैज लाव. एक सकाळ मी तुझ्याबरोबर येते. ज्याचा मासा मोठा त्याचं खरं. माझा मोठा निघाला तर स्पर्धेच्या दिवशी तू सूट घालून मार्लीचा हात धरशील." तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाला, "लावली." माझ्या हातात त्याने जुन्यातली जुनी काठी दिली, आणि चांगलं आमिष मागितलं तर त्या डब्यातल्या गोळ्याकडे बोट दाखवलं. मी सुरीने त्यातून एक गांडूळ सोडवून घेतलं. त्याच्या रंगाला अजून नाव पडलेलं नाही. नासक्या रताळ्याच्या जवळपासचा म्हणता येईल.

शनिवारी पहाटे होडी पाण्यात गेली. सोबत न्याहारी म्हणून मी केळ्याचं पुडिंग घेतलं होतं. लग्नात ऐंशी माणसांसाठी ते मीच करावं असं तू लिहिलंस, म्हणून तुझ्या पद्धतीने एक भांडं करून बघितलं होतं. झाकण घट्ट होतं. हॉइटने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वाटेत त्याचं ज्ञान चालू होतं. गढूळ पाण्यात गडद आमिष, नितळ पाण्यात फिकं. पाणी गार असेल तर सावकाश ओढ, कोमट असेल तर भराभर. गळाचं टोक गांडुळाच्या पोटात लपव, म्हणजे गवतात अडकत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणतो, "पण मासा ऐकतोच असं नाही." मग ते माशालाच सांग ना, मला कशाला?

गळ फेकताना रिळावर अंगठा दाबून धरायचा असतो. तो सुटला की दोरी उलटी फिरते आणि रिळात चिमणीचं घरटं होतं. माझं पहिल्याच फेकीत झालं. हॉइट ते सोडवत बसला असताना नेमकी रोवेना पिकेट तिच्या चकचकीत होडीतून समोरून गेली. मी काठी कशीबशी धरली होती, आणि ती बया सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "नेड्रा, ते लाटणं नाही गं." तिचा नवराही हसला. ताई, मी नुसती काठी सुलटी धरली. पण ते वाक्य मी गिळलेलं नाही, अजून तोंडात धरून आहे.

त्यानंतर हॉइटची जी साडेसाती सुरू झाली, ती बघण्यासारखी होती. बेडूक झाडावर जाऊन बसला. उंदराचा गळ स्वतःच्याच टोपीत रुतला. तळाचे मासे दाखवणाऱ्या महागड्या यंत्राचा पडदा मासे दाखवत होता, होडीखाली खच्चून होते, पण एक तोंड उघडेल तर शपथ. मग बॅटरी गेली. मग संवेदनशील काठीचं टोक मोडलं आणि त्याबद्दल तिने हाताला काहीसुद्धा सांगितलं नाही. हॉइट अचानक थांबला, नाक वर करून हवा हुंगली आणि हळू आवाजात म्हणाला, "नेड्रा, ह्या होडीत केळं आहे का?"

आता तुला आठवत असेल, आपले आबाही होडीत केळं चढू द्यायचे नाहीत. केळं चढलं की मासा उतरला, अशी ह्या लोकांची श्रद्धा. मोठाले बाप्ये, बँकेतले, शाळेतले, रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेतले, आणि घाबरतात कोणाला तर केळ्याला. मी म्हटलं, "केळं नाही, पुडिंग आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी होडीत साप घेऊन बसले होते. मी झाकण धरून ठेवलं, त्याने भांडं ओढलं, आणि तुझ्या पद्धतीचं ते अख्खं पुडिंग, वरच्या बिस्किटांसकट, त्याने तलावात उपडं केलं. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं आणि तोंड फिरवून काठाकडे गळ फेकला. ह्या वेळी अंगठा सुटला नाही.

काठाशी उथळ पाण्यात वाळूवर एक गोल जागा साफ केलेली दिसत होती आणि तिच्यावर एक मोठा बास पहारा देत होता. माझं नासकं गांडूळ बरोबर तिथे जाऊन पडलं. मासा पुढे आला, बघितलं, मागे गेला. हॉइट कुजबुजला की ह्या दिवसांत तो भुकेने चावत नाही. नको ती वस्तू घरात आली म्हणून चिडतो, ती तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. ताई, एवढ्या वर्षांत त्या तलावातलं कोणीतरी मला पहिल्यांदा समजलं. मी दुसरं काय करते गं दिवसभर? मग त्याला कसं चिडवायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. हॉइटचे चिखलाचे बूट माझ्या स्वयंपाकघरात जसे असतात तसं मी ते गांडूळ ठेवलं. मधोमध. हलवायचं नाही, उचलून न्यायचं तर मुळीच नाही, फक्त अधूनमधून जरासं सरकवायचं, म्हणजे ते अजून तिथेच आहे हे कळावं. तिसऱ्यांदा सरकवलं आणि ती माऊली (मादीच होती ती) अंगावर धावून आली.

पुढचं मला नीट आठवत नाही. काठी वाकली, मी ओरडले, हॉइट जाळी घेऊन माझ्याच पायात आला. मासा होडीत आला तेव्हा तो माझ्या दंडाएवढा होता (माझा दंड तू बघितला आहेस). वजन करून आम्ही तिला तिच्या जागेवर परत सोडलं. हॉइटने पाण्यात हात घालून तिला थोडा वेळ धरून ठेवलं, ती सावरून गेली, तरी तो तसाच पाण्याकडे बघत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "मार्लीला सांग, तिचा काका येतोय." आणि त्या टोपीनेच नाक पुसलं. मीही नाक पुसलं, पण ते गार वाऱ्यामुळे असेल.

तर ताई, निर्धास्त राहा. स्पर्धा बिर्धा सगळं गेलं खड्ड्यात. त्या शनिवारी हॉइट सूट घालून मार्लीचा हात धरील, मी स्वतः त्याचा कान धरून आणीन. आणि त्या तलावाचं मी पुन्हा तोंड बघणार नाही. रिकामटेकड्यांचा धंदा आहे तो. मार्लीला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझी धाकटी,
नेड्रा

ता. क. कबूल केल्याप्रमाणे हॉइटचं नाव स्पर्धेतून काढायला मी स्वतःच गेले, त्याच्यावर विश्वास नव्हता. तिथे नावं लिहिणाऱ्या बाईने सांगितलं की नाव काढताही येतं आणि जोडीदार बदलताही येतो. तेवढ्यात मागून रोवेनाने विचारलं, "लाटणं आणलंस का?" म्हणून मी हॉइटचं तसंच ठेवून लॅमारचं नाव खोडलं आणि तिथे माझं घातलं. लॅमार आता आमच्या दोघांशी बोलत नाही.

ता. क. दुसरं. लग्न सकाळी अकराला चर्चमध्ये ठेवलंयस, त्याऐवजी दुपारी चारला तलावाकाठच्या मांडवात ठेवता आलं तर बघ. वजनं तीनपर्यंत आटोपतात, हॉइटला सूट चढवायला तासभर पुरतो. मार्लीला मी आधीच विचारलं. ती म्हणाली, "काका हात धरणार असतील तर मी होडीतसुद्धा लग्न करीन." तेव्हा आता नाही म्हणणारी फक्त तूच उरली आहेस.

ता. क. शेवटचं. पुडिंग मात्र मी करणार, आणि ऐंशी माणसांचं नाही, दुप्पट. स्पर्धेच्या पहाटे प्रत्येक होडीत एकेक झाकणबंद डबा ठेवायचा म्हणते, रिबीन बांधून, वर "नवरीकडून प्रेमाने, दुपारीच उघडा" अशी चिठ्ठी लावून. त्या केळ्याबिळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण जो गुळाने मरतो त्याला विष कशाला? आमच्या होडीत अर्थात ठेवायचा नाही. रोवेनाच्या होडीत दोन.