कुठे काही दुखत नाही

तीर्थस्वरूप लहानीमावशीला डोळखांबहून रविनाचा वाकून नमस्कार. काका बरे असतील आणि ऑपरेशननंतर तुझ्या डोळ्याला धसईच्या बाजारात मेथी कुठली नि माठ कुठला, हे दिसू लागलं असेल (नसेल, तर हे पत्र शेजारच्या रुपाकडून वाचून घेऊ नकोस, ती गावभर करेल). फोन केला असता, पण इथे रेंज टेकाडावरच मिळते आणि मी टेकाड चढले की आई मागोमाग येते.

तुला ठाऊकच आहे, ठाण्याच्या ऑफिसात मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. कुणाचा फ्रिज बंद, कुणाचं मशीन गळतंय, आणि प्रत्येकाला गोड आवाजात म्हणायचं, 'आपली अडचण मी समजू शकते.' एके दिवशी एसटीच्या कंडक्टरने तिकिटाचे सुट्टे मागितले, तर त्यालाही मी तेच म्हणाले आणि तिथेच ढसाढसा रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, बर्नआउट आहे, आतून जळून गेल्यासारखं होतं, महिनाभर आराम कर.

घरी सांगितलं तर आईने 'जळलं' तेवढंच ऐकलं, माझी पाठपोट तपासली आणि कोरफड चिरून आणली. शेजारच्या ताराबाईंच्या मते लग्न लांबल्याने असं होतं. चांगो भगताने तांदूळ टाकून सांगितलं, ठाण्याची एक बाई माझ्या मागे लागलीय (हे खरं आहे, ती आमची टीम लीडर), आणि उताऱ्याचा कोंबडा घेऊन गेला. मी होते तशीच. शेवटी, "खुर्चीवर बसून बसून आंग जड झालंय गो तुझं," म्हणत आईने मला भाताच्या आवणीला नेलं.

चिखलात चार मुठी रोपं लावली आणि माझे हात थांबले. बांधावर बसून रडू लागले. बाया गोळा झाल्या. काय दुखतंय? काही नाही. मग रडतेस कशाला? मी नखांतला चिखल काढत राहिले. त्या कामाला लागल्यावर आई शेजारी टेकली. म्हणाली, "तू लहान होतीस तवा मला पन असंच झालेलं. उठावंसंच वाटत नव्हतं."

"मग कुणाला सांगितलंस?"

"म्हशीला."

"पुढे?"

"पुढं काय? तिला पानी पाजायचं होतं." आणि उठून ती पुन्हा वाकली.

मावशी, तेव्हापासून मला सारखी तुझी ओटी आठवते. दहावीच्या परीक्षेनंतर मी तिथे दिवसच्या दिवस लोळत होते. कणगीभोवती झाडावं तसं तू माझ्याभोवती झाडायचीस, पण ऊठ म्हणाली नाहीस. काय झालं, हेही विचारलं नाहीस. आपल्याकडे आजाऱ्याला झोपू देतात, बाळंतिणीला झोपू देतात. नुसत्या दमलेल्या बाईला कुठे झोपवायचं, हे कुणाला माहीतच नाही.

तुझी,
रविना

ता. क. – तर मावशी, कृपा करून आजारी पड. आरामाला जाते म्हटलं तर आई सोडणार नाही, सेवेला जाते म्हटलं तर डबा बांधून देईल. कंबर धरली म्हणून निरोप पाठव. ताप सांगू नकोस, तापाला ती काढा घेऊन स्वतः येईल.

ता. ता. क. – पत्र धसईला निघालेल्या धाऊच्या हाती द्यायच्या आधी अंदाज घ्यावा म्हणून आईला सहज म्हटलं, मावशीची कंबर धरलीय म्हणे. तिने हातातला विळा खाली ठेवला. "मंग मीच जाते गो चार दिस," म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की 'तू नको, मी जाते' असं मला म्हणवेना. तेव्हा कंबर नको. दोघींना यावं लागेल असं काहीतरी मोठं सांग.