मिनिटाला बाराशे शब्द

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भावाने कात टाकली आहे. छापखान्यात प्रुफं तपासता तपासता बावीस वर्षं एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो, ते आता संपलं. चार रविवार जलद वाचनाच्या वर्गाला गेलो. सर म्हणतात, आपण मनातल्या मनात शब्द उच्चारतो म्हणून रखडतो. नजर पानाच्या मधोमध वरून खाली सरकवायची, बाकीचं मेंदू आपोआप टिपतो. मी मिनिटाला बाराशे शब्दांवर पोचलोय. किराण्याच्या यादीतला साबण तेवढा दोनदा राहिला, त्यावरून हिने घर डोक्यावर घेतलं. तिला प्रगती दिसत नाही, दुसरं काय.

तुझा,
टिल्लू

९ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. अरे, तीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागे बसलेय मी. सकाळी नेलेलं जाडजूड पुस्तक दुपारी परत आणणारे खूप पाहिले. आत काय होतं विचारलं, की मुखपृष्ठाचा रंग सांगतात. तुमच्या त्या तंत्राबद्दलही शोधून वाचलं. ज्यांनी ते तपासलं त्यांना एवढंच आढळलं की वेग वाढला की समज घटते. विचार तुझ्या सरांना.

बाकी इकडे ठीक. वाचनालयात नवी कपाटं आली, शेजारच्या शिंपीणबाई माझा कोट उसवून बसल्यात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलंय आणि खरं सांगते, मला फार भीती वाटते. तू आलास तर बरं होईल, दोन दिवस पुरेत. मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं उगाच मिशा पिंजारून बसतं. मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घड्याळ लावून सात सेकंदांत वाचलं. शब्दन् शब्द समजला, आता बोल. तिकडे सगळं ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. नव्या कपाटांबद्दल अभिनंदन. शिंपीणबाईंना म्हणावं, कोट पुढच्या थंडीपर्यंत तरी द्या. मिशीवाल्या पिल्लाला माझा नमस्कार.

वीस तारखेला आमच्या वर्गाचा समारंभ आहे. मला पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळणार. तू असतीस तर मजा आली असती.

तुझा,
टिल्लू

२८ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

ऑपरेशन झालं. तुझं पत्र आदल्या दिवशी मिळालं. वाटलं, गाडीची वेळ कळवली असशील, म्हणून जिन्यातच पाकीट फोडलं. तर आत तुझ्या प्रमाणपत्राची बातमी. राग आला, रडूही आलं. पुन्हा कळवायला हात वळला नाही.

शिंपीणबाई आल्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. कागदावर सही करताना नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहीण लिहा.

डोळा उत्तम आहे. समोरच्या गच्चीतले कपड्यांचे चिमटेसुद्धा मोजता येतात. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं, पण म्हणून कमी लागलं असं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे. या पत्रात इकडचं तिकडचं काहीच लिहीत नाही. मला तू हवा आहेस. ये.

लोभ आहे, म्हणूनच एवढी रागावलेय.

तुझी ताई