भांडुपचं दरबारी चित्र

बाई,

परवा मी स्पेनच्या राजाला पाहून आले. मुलगी आता तिकडेच नोकरी करते, तिनेच नेलं. मोठं संग्रहालय, थंडगार खोल्या, आणि एका भिंतीवर तो काळ्या कपड्यांत उभा. हनुवटी अगदी तुम्ही सांगायचात तशी पुढे आलेली, खालचा ओठ जाड, डोळे जरा झोपाळलेले. इतकी शतकं गेली, पण ती हनुवटी कुणी एक सूतही आत ढकललेली नाही. मी मुलीला म्हटलं, हा आमच्या भांडुपच्या शाळेत रोज यायचा. ती हसली. तिला वाटलं, चालून चालून आई दमली असेल. पण मी दमले नव्हते. इतकं ताठ तर मी माझ्या लग्नातही उभी राहिले नसेन. तुम्ही ज्याच्याबद्दल आयुष्यभर बोललात त्याला तुम्ही कधी प्रत्यक्ष पाहिलं नाहीत, आणि तरी तुमचं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरची आपली चित्रकलेची खोली मला अजून स्वच्छ दिसते. एका खिडकीतून डोंगर आणि त्यावर चढत गेलेल्या झोपड्या, दुसरीतून कारखान्यांची धुराडी. घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून तुम्ही परदेशी मासिकं आणायचात, त्यांतली रंगीत पानं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचात. ते पुठ्ठे फळ्याखाली ओळीने लावलेले. तिथे फ्रान्सचा राजा लाल टाचांचे बूट घालून उभा आहे. इंग्लंडचा राजा घोड्यावर आहे. कुठल्याशा राणीची बोट बंदराला लागलीय आणि तिच्या स्वागताला समुद्रातून जलपऱ्या वर आल्यात. आम्ही चाळीतल्या मुली, आमच्या घरी चित्र म्हणजे कॅलेंडर. तुम्ही म्हणायचात, हे सगळे राजे पैसा टाकून स्वतःची चित्रं काढून घेत, त्यामुळे चित्रकाराला दोन मालक असत. एक पैसे देणारा आणि दुसरा समोर दिसणारा चेहरा. नववीत असताना मी वर्गातल्या एका मुलीचं चित्र काढलं होतं. तिचं बसकं नाक मी सरळ करून टाकलं. तुम्ही कागद उचललात, तिच्या चेहऱ्याशेजारी धरलात आणि विचारलंत, "ही कोण? हिला बोलाव, मला भेटायचंय." वर्ग हसला. मला रडू आलं. पण त्यानंतर मी कुणाचं नाक सरळ केलं नाही.

मग ते वर्ष आलं. गिरण्यांचा संप लांबला होता, बाबा घरी बसून होते आणि मी आर्ट टीचरचा डिप्लोमा करून नोकरी शोधत होते. शाळेत दुसरी चित्रकला शिक्षिका घ्यायची असं बरेच दिवस चाललं होतं आणि तुम्ही माझं नाव सुचवलं होतं. तेवढ्यात उलटंच ऐकू आलं. संस्थेच्या सेक्रेटरींनी ठरवलं की चित्रकलेची खोली बंद करून तिथे टायपिंगचे वर्ग काढायचे. चित्रं काढून कुणाच्या पोटाला मिळतं, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले म्हणे. त्याच महिन्यात शाळेचा नवा हॉल पुरा झाला. हॉलला देणगी दिली होती आग्रा रोडवर बोल्ट-नटांचा कारखाना असलेल्या एका मालकांनी. मालवणकडून पोरवयात आलेला माणूस, लेथवर काम करत करत स्वतःचा कारखाना उभा केलेला. सगळं भांडुप त्यांना मालक म्हणायचं. त्यांचं मोठं तैलचित्र हॉलमध्ये लागावं असं संस्थेने ठरवलं, आणि बाहेरचा चित्रकार परवडेना म्हणून काम तुमच्याकडे आलं. तुम्ही लगेच हो म्हणालात. मला नवल वाटलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की राजा दारात आलाय, परत कशाला पाठवायचा.

मालकांच्या तोंडावर देवीचे वण होते. डाव्या गालावर तर दाट, चाळणीसारखे. रविवारी सकाळी ते खोलीत येऊन बसायचे आणि मान आपसूक वळवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, उजवी बाजू घ्या. डावीकडचं तुम्हाला दिसतंच आहे." तुम्ही वाद घातला नाहीत. मला रंग काढायला सांगितलंत आणि काम करता करता त्यांना पुठ्ठ्यांवरच्या राजांच्या गोष्टी सांगायला लागलात. इंग्लंडचा राजा बुटका, म्हणून त्याला घोड्यावर चढवला. फ्रान्सचा राजा म्हातारा, तर त्याला तरण्याचे पाय काढून दिले. मालक मनापासून हसले. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं की तो जबड्याचा राजा कोण. तुम्ही सांगितलंत, तो स्पेनचा. तरुणपणापासून एकाच चित्रकाराकडून चित्रं काढून घेत राहिला, त्याला वाड्यातच कामाला ठेवलं, राजवाड्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला दिल्या. "गोड बोलणारी माणसं त्याच्याकडे ढिगाने होती," तुम्ही म्हणालात. "खरं बघणारा एकच होता. म्हणून जपला त्याला." मालकांनी विचारलं, त्याला कधी वाईट नाही वाटलं? तुम्ही म्हणालात, वाटलं की. पुढे म्हातारपण दिसतं म्हणून तो चित्राला बसायला टाळाटाळ करायचा. पण आधीची चित्रं काही त्याने उतरवली नाहीत. मालकांनी खुर्ची सरकवली आणि मान सरळ केली. मला आठवतं, मी हातातली ट्यूब दाबायची विसरले होते.

चित्र पुरं होईपर्यंत मालकांनीच काय, कुणीच बघायचं नाही हा तुमचा नियम. पण हॉलच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तुम्ही चौकटीसाठी घाटकोपरला गेलात आणि सेक्रेटरी वर आले. कापड बाजूला केलं आणि त्यांचा चेहराच उतरला. रागावले नाहीत, घाबरले. म्हणाले, हे त्या माणसाच्या बायका-मुलांसमोर उघडायचं? उद्या देणगी थांबली तर शाळेची वाट लागेल. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि अगदी शांतपणे बोलले. रंग अजून ओला आहे, तुला हात आहे, गाल जरासे सारखे करून टाक. बाईंना मी सांभाळून घेतो. जूनपासून तू इथे कामाला आहेस असं समज. बाई, मी खोटं नाही सांगत, मला त्या क्षणी घरातला रिकामा डबा दिसला, बाबा दिसले. ब्रश हातात होता. मी चित्राकडे पाहिलं. तुम्ही एकेक वण असा काढला होता की त्यावर खिडकीतला उजेड थांबला होता. ते कुरूप नव्हतेच. मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला आणि म्हटलं, "सर, मग तो दुसराच माणूस होईल." ते उठले आणि म्हणाले, मग तुझी तू बघ. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी सगळं सांगितलं. तुम्ही पिशवीतली मोसंबी सोललीत आणि अर्धी माझ्या हातावर ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. पुढच्या रांगेत मालक, त्यांच्या घरची माणसं, आणि गावाहून आणलेली त्यांची म्हातारी आई, काठाचं नऊवारी नेसून. पडदा ओढला गेला. टाळ्या कुणी सुरू करायच्या हे कुणाला कळेना. मालकांच्या पत्नीने खाली बघितलं. सेक्रेटरी घाम पुसत होते. मालक चित्राकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तेव्हा म्हातारी उठली. कुणाचा हात न धरता व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढली, चित्राच्या अगदी जवळ गेली आणि गालाला लावायला हात वर केला. तुम्ही हलकेच म्हणालात, आजी, रंग ओला आहे. तिचा हात तिथेच, हवेत राहिला. मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो माझो झील. घरातल्या फोटोत असता तो कोण, माका म्हायत नाय. देवी इल्यो तेव्हा याका मी केळीच्या पानार निजवलंय. देवीन माका परत दिल्यान, तो ह्यो."

टाळी पहिली कुणाची पडली ते मला माहीत नाही. पण नंतर झाल्या तशा टाळ्या मी त्या हॉलमध्ये पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. मागच्या बाकांवरचे कारखान्याचे कामगार उभे राहिले, मुली उभ्या राहिल्या. मालक वर गेले, आईच्या पाया पडले आणि मग, बाई, तुमच्यासमोर वाकले. तुम्ही मागे सरलात, तर मागे पडदा. माइकवर त्यांना भाषण करायचं होतं, ते राहूनच गेलं. त्यांनी फक्त सेक्रेटरींना विचारलं की टायपिंगची मशीनं कुठे ठेवणार होतात. उत्तराची वाट न बघता म्हणाले, त्यासाठी गच्चीवर मी वेगळी खोली बांधून देतो, चित्रकलेच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही. आणि दुसरी बाई घ्यायची होती ना, ती लवकर घ्या.

घरी जाताना स्टेशनजवळच्या हॉटेलात तुम्ही मला घेऊन शिरलात. तुम्ही कधी बाहेर खात नव्हतात. दोन मिसळी मागवल्यात आणि पहिल्या घासाला तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं असं आपण दोघी धरून चाललो. तुम्ही सांगितलंत, त्याच स्पॅनिश चित्रकाराने रोममध्ये पोपचं चित्र काढलं, तर पोप म्हणाला म्हणे की हे फारच खरं झालंय. आणि तरी त्याला सोन्याची साखळी दिली. मग पाव मोडता मोडता म्हणालात, "आपल्याला खोली मिळाली. आपलं जास्त." आणि हसलात, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने.

जूनमध्ये मी रुजू झाले. तुम्ही निवृत्त झालात, मग गेलात, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मी त्याच खोलीत मुलींना नाकं सरळ करू नका म्हणून सांगत राहिले. माझ्या वर्गातून गेलेल्यांतली एक आज माणसांची चित्रं काढून पोट भरते, आणि चांगलं भरते. हे तुम्हाला सांगायला कुणीतरी हवं होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण सबंध पत्रात मी तुम्हाला तुम्ही-तुम्ही करत आले. खरं तर त्या मिसळीच्या दुपारपासून मनातल्या मनात मी तुला कधी तुम्ही म्हटलंच नाही. आईला म्हणतात तसं, तूच म्हणत आले.