दगडावर बाबांचं नाव

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आलं! बाबांचं नाव आलं! तीन वर्षं अर्ज, तीन वर्षं "बेटा, फाइल भोपाल गई है" — आणि आज रेंजर साहेबांचा स्वतः फोन! ११ सप्टेंबरला, वन शहीद दिवसाला, बुऱ्हाणपूरच्या वन ऑफिसातल्या स्मारकाच्या दगडावर त्यांचं नाव. दिगंबर उखर्डू महाजन, वनरक्षक. डोईफोडियाच्या जंगलाची बीट त्यांची, तिथलीच आग विझवताना गेले. आता कुणाला सांगत बसायला नको, दगडच सांगेल.

आमच्या अख्ख्या लोधीपुऱ्यात पेढे वाटले. आईने मात्र तिचा पेढा देवापुढे ठेवून दिला.

३१ ऑगस्ट

रेंजर साहेबांचा पुन्हा फोन. "माताजी मंच पर आएंगी, शॉल-श्रीफल लेंगी. बिटिया दो शब्द बोलेगी." बिटिया म्हणजे मी!! वर्गात "प्रेझेंट मॅडम" म्हणताना माझी बोबडी वळते, आणि म्हणे दो शब्द!

आई म्हणते, "मले नको नेऊ. तू जा." म्हटलं, बायको असून येणार नाहीस? लोक काय म्हणतील? ती भांडी घासायला उठली.

२ सप्टेंबर

भाषण तयार! शेजारच्या ललितदादाला म्हणून दाखवलं. तो गणपती मंडळाचा माइक सांभाळतो, त्याला कळतं. "आग लगा दी प्राजू!" म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मला हसूच आलं. आगीच्या विषयावर तीन वर्षांत पहिल्यांदा हसले.

सगळ्यात भारी ओळ शेवटी — "ज्या हातांनी ती आग लावली, ते हात झडोत!" ओरडून म्हणायची. आई भाकरी थापत होती. "एवढं कडक नको लिहू."

कडकच हवं! आग लावणारा मेला कोण होता, कधी कळलंच नाही. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. कुणीतरी जाळला, वारा सुटला, झालं! बाबा दर चैत्रात गावोगाव हात जोडत फिरायचे — पाला झाडून घ्या, जाळू नका. कोण ऐकतो!

५ सप्टेंबर

दगड बघून आले! सोनेरी रंग ओला होता, बोटाला लागला. अजून धुतला नाही.

८ सप्टेंबर

आईशी कडाक्याचं भांडण. मोतीलालमामा डोईफोडियाहून आला, तर तोही तिचीच री ओढतो! "नको जाऊ ताई, तब्येत बरी नाही सांग." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सगळे मिळून माझ्या बाबांना एकटं पाडा! मामा चहा न पिता गेला.

आई एवढंच म्हणाली, "प्राजू, ती शेवटची ओळ काढ."

नाही काढणार!

१० सप्टेंबर

उद्या!! साडेनऊला सरकारी गाडी येणार, दारात! भाषण तोंडपाठ. 

११ सप्टेंबर, सकाळ

आईने दार लावून घेतलं आणि सांगितलं. त्या दिवशी ती माहेरी होती, डोईफोडियाला. मामाच्या मोहाखालचा पाला तिनेच पेटवला. तिच्या आईने शिकवलं तसंच. वारा सुटला. बाबा सगळ्यांच्या आधी धावत आले आणि तिला तिथे पाहिलं. म्हणाले, "तू घरी जा. कोणाले बोलू नको. मी विझवतो."

"आता सांग," म्हणाली. "येऊ मी?"

मी खूप ओरडले तिच्यावर. मग दोघी रडलो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय. राग गेलेला नाही, आणि तिला इथे टाकून जाववतही नाही.

म्हटलं, साडी नेस, आई. बाबांनी तुला घरी पाठवलं होतं, आज मी त्यांच्यापाशी घेऊन जाते.