ओट्याचा किरकोळ घोळ

ती. मावशीस,

नमस्कार पायांशी पोचवावा आणि तब्येतीची चौकशी रीतसर केली असं धरून चालावं, कारण आज मला आधी फुशारकी मारायची आहे. पुरात घरं गेलेल्यांसाठी मी आखलेल्या वसाहतीची पहिली रांग उभी राहिली! फलकावर तुझ्या भाच्याचं नाव झळकलं. (एक काना जास्त पडलाय, पण लांबून कळत नाही.)

सगळं सुरळीत पार पडलं. फक्त ओट्याचा किरकोळ घोळ झाला. आखणीआधी मी तंबूतंबूत जाऊन बायकांना विचारलं, नव्या घरात काय हवं? (आमच्या धंद्यात याला लोकसहभाग म्हणतात; तू नसत्या चौकश्या म्हणशील.) सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बाकी काही नसलं तरी चालेल, ओटा पाहिजे." माझे डोळेच भरून आले. सर्वस्व वाहून गेलेली माणसं मागतात काय, तर दारापुढे शेजारणीशी बोलत बसायला जागा! मग मीही हात आखडता घेतला नाही. प्रत्येक दारापुढे ऐसपैस ओटा बांधला, तोही पुराच्या भीतीने जोत्याबरोबर कमरेएवढा उंच. त्यापायी स्वयंपाकघर जरा आक्रसलं, तिथे नुसती जमीन ठेवली.

किल्ल्या दिल्या त्या दिवशी तंबूवाल्यांच्या पुढारीणबाई आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या, पुन्हा दारापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ओटा कुठंय?" मी छाती फुगवून म्हणालो, "त्याच्यावरच उभ्या आहात की!" मावशी, त्यांना शेगडीचा ओटा हवा होता गं. जन्मभर वाकून रांधलेल्या बायकांना एकदा ताठ उभं राहून रांधायचं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बायका कसल्या हटतात! त्यांनी शेगड्या दारापुढच्या ओट्यावर मांडल्या आणि स्वतः खाली रस्त्यावर उभ्या राहिल्या. उंची अगदी बेतशीर! आता सगळी रांग एकमेकींशी बोलत रांधते. पाहणीला आलेल्या समितीने याला 'सामूहिक स्वयंपाकाची अभिनव कल्पना' म्हटलं आणि माझी पाठ थोपटली. मोठ्या माणसांचं बोलणं मधेच तोडू नये, हे तूच शिकवलंस, म्हणून मी गप्प राहिलो. पाऊस आला की मात्र शेगड्या आत जातात आणि कंबर पुन्हा वाकते, तेवढं समितीला दिसलं नाही.

तुझा (आता नामांकित) भाचा

ता. क. दुसऱ्या रांगेचा नकाशा तयार आहे, पण तंबूत उरलेल्या बायका त्यावर सह्या करत नाहीत. त्यांची अट अशी, की आखताना साहेबांच्या शेजारी रोज रांधणारी बाई बसली पाहिजे. सह्या याच आठवड्यात झाल्या नाहीत तर मंजुरी रद्द, आणि त्या बिचाऱ्या तंबूतच. मी 'आमची मावशी येतेय' असं सांगून मोकळा झालोय.

ता. क. दुसरा. तुझी सूनबाई का नको, असं विचारशील. आमच्या घरचा ओटाही मीच आखलाय. तो रोज वापरते, म्हणून ती या भानगडीत पडायला तयार नाही.

ता. क. शेवटचा. पुढारीणबाईंनी तुझी उंची विचारली. मी म्हणालो, माझ्या खांद्याला लागते. "म्हणजे आमच्याएवढीच," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बसायला सांगितलं. ये गं, मावशी.