लेकीसारखं शिकवलं

गुरु. ८ जाने.
सांगली–इस्लामपूर चार फेऱ्या. कंडक्टरच्या घशाचं काय होतं ते घशालाच माहीत. आष्ट्याला घरी येऊन चपला काढतेय तोवर आण्णांचा फोन. "सवे, त्या ईराबाईचा कारेक्रम हाय शनवारी सांगलीत. दोन पास धाडल्यात. तुज्या आयचं गुडघं काय चालंनात. तू येतीस का?"
ईराबाई म्हणजे पुण्याची नाचणारी. उन्हाळ्यात पंधरा दिवस जतला आमच्या वस्तीवर राहिली, आईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, आणि आण्णांकडनं गजी शिकून गेली. गजी! बिरोबापुढचा आमचा नाच. मधी ढोल, भोवती गडी, दोन्ही हातांत रुमाल. आमच्या गावात बाईमाणूस त्या रिंगणात कधी शिरलेलं नाही. हे कळलं तेव्हा दोन दिवस मी आईशीसुद्धा बोलले नव्हते.
येते म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

रवि. ११ जाने., सकाळ
आण्णा आंघोळीला गेलेत तोवर लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.
काल दोन नाच होते. पहिला दोन पोरं आणि एक लोखंडी खुर्ची. गाणं नाही, वाजप नाही. पोरं खुर्चीखाली शिरतात, वर चढतात, एकमेकांना ढकलतात, पण बसत कुणीच नाही. आण्णा माझ्या कानात, "बसायला एवढा येळ?" मला हसू आलं. तेवढंच कालचं हसू.
मागचा एकजण म्हणाला, "आजोबा, फेटा काढता का, दिसत नाही." आण्णा काढायला लागले पण! मी वळून म्हणाले, "पुढचा नाच ह्यांचाच आहे, तुम्हीच जरा सरकून बसा." सरकला मेला.
मग दुसरा. ढोल सुरू झाला, खरा, आण्णांचाच, वस्तीवर रेकॉर्ड करून नेलेला. पांढऱ्या कपड्यात ईरा एकटी. हातात रुमाल नाहीत. वाकली, वळली, पाऊल टाकलं. वाईट नाचली असती तर बरं झालं असतं. चांगली नाचत होती. फक्त वळताना टाच टेकत होती.
आणि आण्णा उभे राहिले. भर नाट्यगृहात ओरडले, "टाच! टाच उचल गं!"
ढोलवाला मधनं ओरडून चूक सांगतो, ही गजीची रीतच आहे. तालमीत बसल्यासारखंच वाटलं असणार त्यांना. मी सदरा धरून खाली ओढते तोवर स्टेजवर तिनं टाच उचलली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं हे नाचातलंच.
पुढं कहर. संपल्यावर आण्णांना वर बोलावलं. शाल, श्रीफळ. ती पाया पडली, माईक घेऊन म्हणाली, "यांनी मला लेकीसारखं शिकवलं."
लेकीसारखं! अगं बये, लेक खाली बसलीय. लेकीला कसं शिकवलं विचार की. आठ वर्षांची होते, यात्रेची तालीम चाललेली, रिंगणात शिरले, तर आण्णांनी दंडाला धरून फरफटत बाहेर काढली. सगळ्या भावकीसमोर. बोटं उठली होती दंडावर.
शालीची घडी मोडू नये म्हणून रात्री मला जपून ठेवायला दिली.

तीच तारीख, दुपार
विचारलंच. चहा देताना. "आण्णा, मला का नाही शिकवलंत?"
"तू कवा म्हणालीस?"
म्हणजे आठवतसुद्धा नाही! दंड दाखवून सांगितलं. लय बोलले, जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. आण्णांनी बशी खाली ठेवली.
"ती पावणी. शिकली, गेली. तिला कोण काय म्हणणार? तू घरची. तुला रिंगणात घेतली आस्ती तर भावकीनं माज्या हातात ढोल ठिवला आस्ता व्हय?"
"म्हणजे ढोल मोठा."
"आगं, माज्याकडं दुसरं हाय काय?"
कपबश्या उचलल्या. जतच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरला सांगून खिडकीची जागा दिली. शाल पिशवीत. त्यांनी खिडकीतनं हात केला, मी केला नाही. आता वाटतंय करायला हवा होता. नको, बरं झालं.

मंगळ. १३ जाने., भोगी
बाजरीची भाकरी करपली. ह्यांचा युनिटमधनं फोन. "सविता, छोड ना, म्हातारा माणूस आहे." म्हटलं, "तुम्ही सरहद्द सांभाळा." फोन ठेवला.
मग आईचा. आण्णा जेवत नाहीत धड, तू काय बोललीस? सांगितलं. तर आई म्हणते, "तू शेरडांच्या वाड्यामागं एकटीच नाचायचीस न्हवं? त्यास्नी ठावं हुतं. कुडाआडनं बगायचं. मला म्हणालं हुतं, पोरीची टाच गड्यांपरास बरी उचलती."
बघितलं होतं! बघितलं, ओळखलं, आणि तीस वर्षं गप्प बसले. न बघता हाकललं असतं तर एक वेळ माफ केलं असतं.
तिळगुळाचा डबा उघडलाच नाही.

सोम. १९ जाने.
काल सुट्टी होती, वस्तीवर गेले. देवळापुढं यात्रेची तालीम, उन्हं कलायच्या आधी. पंधरा-वीस गडी. मधी आण्णा ढोल घेऊन. चपला काढल्या, पदर खोचला, दोन गड्यांच्या मधी जाऊन उभी राहिले.
नामूकाकांनी, आण्णांच्या धाकट्या भावानं, हातातले रुमाल खाली टाकले. "दादा, हे काय चाललंय?"
आण्णांनी माझ्याकडं बघितलं. ढोल काही थांबवला नाही.
नामूकाका बाहेर गेले. त्यांच्यामागं दोघं. बाकीचे नाचत राहिले, माझ्याकडं न बघता. मी नाचले. एक फेरा, दोन फेरे. कंडक्टरकीनं पायांचं पार वाटोळं झालंय. तिसऱ्या फेऱ्याला मधनं आवाज आला.
"टाच!"
तीस वर्षं लागली एका शब्दाला. राग इतका आला की टाच आपसूक वर गेली.
तालीम मोडल्यावर नामूकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "यात्रेला ही हुबी ऱ्हायली तर दुसरा ढोलवाला बगा." आण्णा ढोलाची दोरी आवळत बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. एस.टी.ला उशीर होत होता. निघताना आईनं रुमालांची एक जोडी पिशवीत घातली. कुणी दिली ते सांगितलं नाही.
आज डेपोत यात्रेच्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं. खोडलं. 'गजी' लिहिलं.